नाही म्हणणाऱ्या माणसाला लिहायचं पत्र

१८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात एक निबंध दोन भागांत छापून आला. त्याचं शीर्षक होतं ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’. लिहिणारी मुक्ता साळवे तेव्हा साधारण चौदा वर्षांची होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात चालवलेल्या शाळेत तिचं जेमतेम तीन वर्षं शिक्षण झालं होतं. दुसऱ्याला पटवून देण्यासाठी एखाद्या मुलाने किंवा मुलीने लिहिलेलं मराठी गद्य शोधायचं, तर सुरुवात इथूनच करावी असं मला वाटतं. या निबंधाचं सामाजिक आणि ऐतिहासिक मोल पुष्कळांनी सांगितलं आहे. मुलांना लिहायला शिकवणाऱ्यांनी मात्र तो आणखी एका प्रश्नासाठी वाचायला हवा: या मुलीने आपला युक्तिवाद बांधला कसा?

ती आधी आपलं दुःख सांगायला बसत नाही. आधी ती समोरच्याचं म्हणणं हातात घेते. वेद फक्त आमचे, इतरांनी ते पाहूही नयेत, असं ब्राह्मण म्हणतात. बरं, तसं असेल तर आमच्याकडे धर्मपुस्तक नाही, हे उघड झालं. धर्मपुस्तक नाही म्हणजे आम्ही धर्माविना राहिलो. मग देवानेच आम्हाला सांगावं की आमचा धर्म कोणता. विरोधकाचं विधान खोडून काढण्यात ती वेळ घालवत नाही. त्याच विधानाचा हात धरून ती वाचणाऱ्याला अशा ठिकाणी नेते, जिथे त्याला स्वतःच्याच म्हणण्याची लाज वाटावी. एकाने सुख भोगावं आणि बाकीच्यांनी पीडा सोसावी, असा धर्म पृथ्वीवरून नाहीसा होवो, असं ती त्यानंतर म्हणते. तोवर वाचणारा तिच्याबरोबर इतका पुढे आलेला असतो की हे वाक्य त्याला अंगावर आल्यासारखं वाटत नाही.

पुरावे द्यायची वेळ येते तेव्हा ती ‘आमच्यावर फार अन्याय झाले’ एवढ्यावर थांबत नाही. बाजीरावाच्या काळात तालीमखान्यापुढून जाणाऱ्या मांगा-महाराचं शिर कापून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत, असं ती लिहिते. पुण्यात राहणाऱ्या वाचकाला गुलटेकडी ठाऊक होती. त्या मैदानावरून तो कधी ना कधी गेलेला होता. मग ती बाळंतपणाकडे वळते. डोक्यावर छप्पर नसलेल्या बाईला थंडी-पावसात बाळंत व्हावं लागतं, तेव्हा तिच्या जिवावर काय बेततं याचा विचार आपल्या अनुभवावरून करा, असं ती सांगते. बाळंतीण प्रत्येक घरात होती, वाचणाऱ्याच्याही. तिथे जातीचं अंतर क्षणभर गळून पडतं. आणि शेवटी ती आपल्याच लोकांकडे वळून अभ्यासाचा आग्रह धरते. एकाच निबंधात दोन वाचक, आणि दोघांशी बोलण्याची रीत वेगवेगळी.

यातलं एकेक कसब शाळेत शिकवता येण्यासारखं आहे. समोरच्याचं म्हणणं नीट समजून घेणं, त्याच्या ओळखीचा पुरावा निवडणं, दोघांनाही ठाऊक असलेल्या अनुभवावर पाय रोवणं, आणि आपण कोणाशी बोलतो आहोत हे शेवटपर्यंत न विसरणं. मुक्ताला हे कोणी टप्प्याटप्प्याने शिकवलं की ते तिच्या तीव्र निकडीतून आलं, हा प्रश्न बाजूला ठेवू. तिच्याकडे एक गोष्ट होती जी आपल्या बहुतेक वर्गांत नसते. तिच्यासमोर तिचं न पटणारा, ठसठशीत दिसणारा वाचक होता.

आता आपल्या निबंधाच्या वहीकडे येऊ. ‘मोबाईल : शाप की वरदान’ हा विषय महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक शाळेत दिला जातो. मुलं आधी चार फायदे लिहितात, मग चार तोटे लिहितात आणि ‘अति तिथे माती, म्हणून वापर जपून करावा’ असा शेवट करतात. निबंधाला गुण मिळतात. पण कोणाला काय पटवायचं होतं? मोबाईल जपून वापरावा हे न पटणारा माणूस कुठे आहे? निबंध वाचणाऱ्या बाईंना ते आधीच पटलेलं असतं, लिहिणाऱ्यालाही पटलेलं असतं. मतभेद नाही, म्हणून युक्तिवादाची गरज नाही, आणि गरज नाही म्हणून मूल पाठ असलेली वाक्यं मांडून मोकळं होतं. दोष मुलांच्या बुद्धीचा नाही. आपण त्यांना वाचकच दिलेला नाही.

दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनाचा विभाग आहे. त्यात पत्रलेखन आहे, जाहिरातलेखन आहे. विनंतीपत्र आणि मागणीपत्र हे तर नावापासूनच पटवून देण्याचे प्रकार. पण सरावात काय घडतं ते पाहा. प्रश्नपत्रिकेत एखाद्या रोपवाटिकेची किंवा पुस्तकांच्या दुकानाची जाहिरात असते. तिच्या आधारे विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून पत्र लिहायचं असतं. विषय कुठे लिहायचा, दिनांक कुठे, पत्ता कुठे, शेवटी ‘आपला विश्वासू’ की ‘कृपाभिलाषी’, हे घोटून घेतलं जातं. मजकुरात सगळी मुलं ‘योग्य ती सवलत द्यावी’ असं लिहितात. दुकानदाराने सवलत का द्यावी, त्यात त्याचा काय लाभ, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. दोनशे रोपं एकदम घेतो आहोत, वाहतूक आम्ही करू, पावसाळ्याच्या तोंडावर पैसे रोख देऊ, असं एखाद्या मुलाने लिहिलं तर ते खरं मागणीपत्र. आराखडा महत्त्वाचा आहेच, परीक्षेत त्याला गुण आहेत. पण आराखडा म्हणजे पत्र नव्हे.

सुरुवात याच्या कितीतरी आधी करता येते, आणि कागदाशिवाय करता येते. पाच-सहा वर्षांच्या मुलांना चिमणी आणि कावळ्याची गोष्ट माहीत असते. चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं. पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं, तो भिजत चिमणीच्या दारात येतो आणि दार उघडायला सांगतो. चिमणी आतून बाळाची अंघोळ, बाळाचं काजळ, बाळाची झोप अशी एकेक सबब सांगते. गोष्ट सांगून झाल्यावर मुलांना विचारावं: कावळा काय चुकला? थोड्या वेळाने कोणीतरी म्हणतं की तो नुसतं दार उघड, दार उघड म्हणत राहिला. मग पुढचा प्रश्न: चिमणी दार का उघडत नसेल? इथे वर्ग जागा होतो. तिला भीती वाटते की तो बाळाला चोच मारेल. तो ओला आहे, बाळ भिजेल. तो आत आला की परत जाणारच नाही. घर लहान आहे. आता कावळ्याने काय म्हणावं? ‘मी दाराजवळच बसेन, बाळाकडे पाठ करून.’ ‘आधी पंख झटकून येतो.’ ‘पाऊस थांबला की लगेच जाईन, आणि उद्या तुला दाणे आणून देईन.’ प्रत्येक भीतीला एक उत्तर. पटवून देण्याची सारी विद्या या खेळात बीजरूपाने आहे, आणि मुलांना ती विद्या वाटतही नाही. पहिली-दुसरीतल्या मुलांनी कावळ्याच्या वतीने तीन ओळींची चिठ्ठी लिहिली तरी वर्षभराचं काम झालं म्हणावं.

बोलताना मुलं किती चतुर असतात हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आणखी अर्धा तास खेळायला मिळावं म्हणून सहा वर्षांचं मूल आईकडे एक कारण सांगतं, आजीकडे दुसरं. आजोबा कशाने विरघळतात हे त्याला पक्कं माहीत असतं. मग तेच मूल कागदावर दोन ओळींत का आटपतं? कॅनडातले संशोधक कार्ल बेरायटर आणि मार्लीन स्कार्डामालिया यांनी लेखनाच्या मानसशास्त्रावर १९८७ साली एक मोठं पुस्तक लिहिलं. त्यांचं एक निरीक्षण इथे उपयोगी पडतं. बोलताना समोरचा माणूस मुलाला सतत पुढे ढकलत असतो. तो मान डोलावतो, भुवया उंचावतो, ‘मग?’ विचारतो. कागद काहीच विचारत नाही. त्यामुळे विषयाबद्दल मनात जे पहिल्या झटक्यात येतं तेवढं उतरवून मूल थांबतं. त्याच्याकडे सांगण्यासारखं संपलेलं नसतं. नुसतं ‘अजून लिही’ म्हणत राहिलं तरी मजकूर बराच वाढतो, असं त्यांना दिसलं. याच दोघांनी लिहिण्याच्या दोन तऱ्हांमध्ये फरक केला. एका तऱ्हेत माणूस माहीत आहे ते ओतून मोकळा होतो. दुसरीत तो लिहिता लिहिता माहीत असलेल्या गोष्टींची पुन्हा मांडणी करतो, त्यांना प्रश्न विचारतो, प्रसंगी स्वतःचं मत बदलतो. मूल पहिल्या तऱ्हेकडून दुसरीकडे आपोआप जात नाही. कागद जे विचारत नाही ते विचारणारं कोणीतरी काही काळ त्याच्याशेजारी बसावं लागतं.

ते बसणं कसं असतं, ते एका पत्रावरून जवळून पाहू. समजा, पाचवीतल्या एका मुलीला वाटतं की शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तकं शनिवारी घरी न्यायला मिळावीत. पुस्तकं लोखंडी कपाटात आहेत. आठवड्यातून एक तास वर्गात वाटतात आणि परत घेतात. ती मोठ्या बाईंना पत्र लिहिते. पहिला खर्डा असा:

‘आम्हाला वाचनाची खूप आवड आहे. वाचाल तर वाचाल. पुस्तके आपले मित्र आहेत. वाचनाने ज्ञान वाढते. तरी आम्हाला शनिवारी पुस्तके घरी न्यायला द्यावीत ही नम्र विनंती.’

एकही चूक नाही. बहुतेक ठिकाणी यावर बरोबरची खूण होऊन वही परत जाईल. इथे शिकवणाऱ्याने एकच विचारावं: वाचनाने ज्ञान वाढतं हे मोठ्या बाईंना माहीत नाही का? मुलगी हसून म्हणेल, माहीत आहे. मग त्या पुस्तकं का देत नाहीत? ती म्हणेल, फाटतील म्हणून. तुला नक्की माहीत आहे? नाही. मग विचारून ये.

हा ‘विचारून ये’ मला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा वाटतो. मुलगी मधल्या सुट्टीत ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाईंकडे जाते आणि तीन गोष्टी घेऊन येते. एक, प्रत्येक पुस्तकाला नोंदवहीत क्रमांक असतो. तपासणीत पुस्तक कमी भरलं की त्याचा जाब बाईंना द्यावा लागतो. दोन, शनिवारी शाळा सकाळची असते आणि चाळीस मुलांना पुस्तकं देत बसायला वेळ उरत नाही. तीन, पूर्वी एकदा पुस्तकं दिली होती तेव्हा काही परत आलीच नाहीत. फाटण्याचा विषयसुद्धा निघाला नाही. तिने जे कारण गृहीत धरलं होतं ते नव्हतंच. पहिल्या खर्ड्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि त्यातलं एकही वाक्य या तीन अडचणींपैकी एकीलाही शिवत नव्हतं.

दुसऱ्या खर्ड्यात ती उलट टोकाला जाते. ‘आम्ही पुस्तके हरवणार नाही, अगदी नक्की, आम्ही शपथ घेतो.’ मुलं वचनं देतात, कारण वचन हे त्यांच्या हातातलं एकमेव नाणं असतं. पण ज्याला जाब द्यायचा आहे त्याला वचनापेक्षा व्यवस्था दिसली पाहिजे. इथे दुसऱ्या एका मुलाला मोठ्या बाईंच्या खुर्चीत बसवावं. त्याने पत्र मोठ्याने वाचावं आणि जिथे पटत नाही तिथे ‘कशावरून?’ विचारावं. हा मुलगा मोठ्यांपेक्षा कठोर निघतो. ‘नक्की म्हणजे कशावरून? तू तर माझी पट्टीसुद्धा परत दिली नाहीस.’ वर्गात हशा होतो, आणि मुलीला कळतं की पुढच्या खर्ड्यात काय हवं आहे. तिसरा खर्डा:

‘मोठ्या बाईंना नमस्कार. आम्हा पाचवीच्या मुलांना शनिवारी एक पुस्तक घरी न्यायचं आहे आणि सोमवारी परत करायचं आहे. पुस्तक हरवलं तर ग्रंथालयाच्या बाईंना जाब द्यावा लागतो हे आम्हाला त्यांच्याकडून कळलं. मागे काही पुस्तकं परत आली नाहीत हेही कळलं. म्हणून आम्ही असं ठरवलं आहे. शुक्रवारी मधल्या सुट्टीत दोन मुलं वहीत पुस्तकाचा क्रमांक आणि नेणाऱ्याचं नाव लिहून ठेवतील, म्हणजे शनिवारी बाईंचा वेळ जाणार नाही. सोमवारी ज्याचं पुस्तक आलं नाही त्याला ते येईपर्यंत दुसरं मिळणार नाही. पहिला महिना फक्त आमच्या वर्गाला आणि ज्यांच्या दोन प्रती आहेत तीच पुस्तकं द्यावीत. महिन्याने एक जरी पुस्तक कमी भरलं तर तुम्ही हे बंद करा. घरी पुस्तक असलं की माझा लहान भाऊसुद्धा ऐकायला बसतो. आमच्या घरात दुसरी पुस्तकं नाहीत.’

शेवटची दोन वाक्यं पाहा. ती पहिल्या खर्ड्यात असती तर रडगाणं वाटली असती. अडचणींची उत्तरं देऊन झाल्यावर ती येतात तेव्हा मोठ्या बाईंच्या मनात जागा झालेली असते. भावनेला आपल्याकडे एक तर पूर्ण बंदी असते, नाही तर पूर्ण मोकळीक. मुलांना सांगायला हवं की भावना लिहावी, खरी असेल तेवढीच लिहावी आणि तिच्या जागी लिहावी. ‘महिन्याने बंद करा’ या वाक्यालाही दाद द्यावीशी वाटते. नकार देणाऱ्याला होकार देण्यात जी जोखीम वाटते, ती या मुलीने लहान करून दिली. मोठमोठ्या अर्जांत हे सापडत नाही.

वाक्यरचनेचं शिक्षण इथे ओघाने येतं. ‘जरी… तरी’, ‘हे खरं, पण’, ‘म्हणून’, ‘नाही तर’, ‘तोपर्यंत’ यांतले बरेच शब्द व्याकरणाच्या तासाला उभयान्वयी अव्यय म्हणून पाठ होतात. पत्रात त्यांची गरज पडते तेव्हा ते मुलांचे होतात. अमेरिकेत स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ साली लेखनशिक्षणावरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. लिहिण्याची पद्धत पायरी-पायरीने उघड करून शिकवणं, मुलांनी एकमेकांसोबत खर्डे करणं आणि लेखनासाठी नेमकं उद्दिष्ट ठरवून देणं, या गोष्टींनी लेखन सुधारताना दिसलं. व्याकरण सुटं काढून घोकून घेतल्याने लेखनाची प्रत वाढल्याचं दिसलं नाही. ते प्रयोग इंग्रजी वर्गांतले आहेत, मराठीला ते जसेच्या तसे लावू नयेत. पण नेमकं उद्दिष्ट देण्याचा मुद्दा कुठल्याही भाषेत करून पाहण्याजोगा आहे. ‘चांगला निबंध लिही’ या सूचनेने मुलाच्या हाती काही लागत नाही. ‘तुझं म्हणणं सांग, दोन कारणं दे, न पटणारा काय म्हणेल ते लिही आणि त्याला उत्तर दे’ असं सांगितलं तर सहावी-सातवीतलं मूल लगेच कामाला लागतं.

न पटणाऱ्याचं म्हणणं आधी मांडायची ही रीत आपल्याला परकी नाही. आपल्या शास्त्रग्रंथांत तिला पूर्वपक्ष म्हणतात. विरोधकाचं म्हणणं त्याला स्वतःला मान्य होईल इतक्या ताकदीने मांडायचं, मग उत्तर द्यायचं आणि शेवटी सिद्धान्त सांगायचा. कच्चा पूर्वपक्ष मांडून तो पाडणं हे पंडिताला कमीपणाचं. न्यायदर्शनाने दुसऱ्याला पटवून देण्यासाठी पाच पायऱ्या सांगितल्या: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे. कारण तिथे धूर आहे. जिथे धूर असतो तिथे आग असते, जसं स्वयंपाकघरात. या डोंगरावरही तसाच धूर आहे. म्हणून तिथे आग आहे. आठवीच्या मुलांना हे सहज समजतं. त्यातली तिसरी पायरी मला शिकवण्याच्या दृष्टीने फार मोलाची वाटते. दृष्टान्त असा हवा की त्यावर सामान्य माणूस आणि जाणकार या दोघांचंही एकमत असेल, अशी न्यायसूत्रांची अट आहे. स्वयंपाकघरातला धूर सगळ्यांनी पाहिलेला असतो. आपली मुलं उदाहरण म्हटलं की थेट थोर शास्त्रज्ञ आणि राष्ट्रपुरुष आणतात, कारण मोठं नाव घेतलं की मुद्दा मोठा होतो असं त्यांना नकळत शिकवलं गेलं आहे. शाळेसमोर गतिरोधक हवा म्हणून ग्रामपंचायतीला लिहायचं असेल तर शाळा सुटताना फाटकासमोर दहा मिनिटं उभं राहून किती गाड्या वेग कमी न करता गेल्या ते मोजून लिहावं. सरपंचांनी त्या रस्त्यावरून जाताना तेच पाहिलेलं असतं.

ग्रीक-रोमन शाळांतही पायऱ्या होत्या. चौथ्या शतकातल्या अॅफ्थोनियसच्या पाठ्यपुस्तकात चौदा सराव आहेत. सुरुवात छोट्या बोधकथेपासून होते आणि शेवट एखाद्या कायद्याची बाजू मांडण्यावर किंवा तो खोडून काढण्यावर होतो. मधल्या सरावांत एखादी कथा खरी मानण्याजोगी का नाही ते लिहायचं आणि मग उलट बाजूने ती खरी का मानावी तेही लिहायचं. पुढे एक सराव दुसऱ्याच्या तोंडून बोलण्याचा. जिची मुलं मेली आहेत ती ग्रीक पुराणकथेतली निओबी काय म्हणेल ते लिहायचं. दोन्ही बाजूंनी लिहायला लावलं तर मुलं तत्त्वशून्य होतील, अशी शंका तेव्हाही होती आणि आजही पालक ती बोलून दाखवतात. मला अनुभव उलट आला आहे. दुसरी बाजू एकदा प्रामाणिकपणे लिहून काढलेलं मूल आपल्या बाजूबद्दल कमी आरडाओरडा करतं आणि जास्त ठाम असतं. कधी कधी ते बाजूच बदलतं, आणि तसं झालं तर शिकवणाऱ्याला आनंद वाटायला हवा.

पण शंकेत तथ्य नाही असंही नाही. पटवण्याचं कसब हातात आलं की त्याचा गैरवापर करण्याचा मोहही येतो, आणि मुलांशी याबद्दल उघड बोलावं. इथेही न्यायशास्त्राची मदत होते. त्याने चर्चेचे तीन प्रकार वेगळे केले. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. कसंही करून जिंकायचंच म्हणून होतो तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता फक्त दुसऱ्याचं पाडत राहायचं ती वितंडा. जल्पात चालणारा छल म्हणजे काय ते सांगताना न्यायसूत्रांच्या भाष्यकाराने घोंगडीचं उदाहरण दिलं आहे. एकाने म्हटलं, या मुलाकडे नवी घोंगडी आहे. त्याने वापरलेल्या संस्कृत शब्दाचा दुसरा अर्थ ‘नऊ’ असा होतो. तो धरून दुसरा म्हणतो, छे, नऊ कुठे, एकच तर आहे! मुलांना हे फार आवडतं, कारण असा छल त्यांनी मधल्या सुट्टीत रोज केलेला आणि सोसलेला असतो. मग त्यांच्याकडून वर्तमानपत्रातल्या जाहिराती मागवाव्यात. ‘९९ टक्के जंतूंचा नाश’ असं लिहिलं असेल तर कुठल्या जंतूंचा, कुठे तपासून, असं विचारायला लावावं. ‘फक्त आजच’ असं लिहिलेली जाहिरात पुढच्या आठवड्यातही आली का ते पाहायला सांगावं. पटवून देणारं लिहायला शिकलेलं मूल फसवणारं लिहिणं लवकर ओळखतं, आणि आज प्रत्येक घरातल्या मोबाईलवर येणाऱ्या संदेशांचा विचार केला तर या एका कारणासाठीसुद्धा हे शिक्षण द्यायला हवं.

शिकवणाऱ्यांकडून एक गोष्ट मात्र हटकून निसटते. पत्र वर्गात लिहून घेतलं जातं, तपासलं जातं, आणि वहीतच राहतं. ग्रामपंचायतीला लिहिलेलं पत्र ग्रामपंचायतीपर्यंत जातच नाही. मोठ्या बाईंना लिहिलेलं पत्र मोठ्या बाई वाचत नाहीत. मुलांना हे लगेच कळतं आणि ती पुन्हा निबंधाच्या भाषेकडे वळतात. पत्र पाठवावं. पोस्टाने पाठवता आलं तर उत्तम, नाही तर हाताने नेऊन द्यावं आणि पोच घ्यावी. ज्याच्याकडे ते जाणार आहे त्या मोठ्या माणसाला आधी विश्वासात घेऊन एवढंच सांगावं की उत्तर लेखी द्या आणि कारण देऊन द्या. होकारच द्यावा अशी अट नको. घरीही हे करता येतं. रात्री नऊनंतर जागण्याची परवानगी, सायकलवरून एकट्याने मावशीकडे जाणं, घरात मांजर आणणं, असं काही मुलाला हवं असेल तर आईवडिलांनी म्हणावं, लिहून दे. आणि मग त्या कागदाखाली दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहाव्यात. ‘तुझी पहिली दोन कारणं पटली. मांजर आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेणार हे तू लिहिलं नाहीस, आणि मला तीच काळजी आहे.’ अशा नकारात मुलाला पुढच्या पत्राची पहिली ओळ मिळते. पत्र चांगलं आहे म्हणून घाबरून होकार देऊ नये, आणि मूल लहान आहे म्हणून कारण न देता नकारही देऊ नये. त्याने कारणं दिली आहेत, त्याला कारणं मिळायला हवीत.

गेलेली पत्रं आणि आलेली उत्तरं यांची एक फाईल वर्गात असावी. मोठ्या बाईंनी लिहिलं असेल, ‘एक महिना करून पाहू, पण वहीत नोंद करणारी मुलं दर आठवड्याला बदला’, तर ते पत्राला लावून ठेवावं. त्याखाली महिन्याअखेर किती पुस्तकं गेली आणि किती आली ते मुलांनीच लिहावं. पुढच्या वर्षी पाचवीत येणाऱ्या मुलांना मग सगळ्याच पुस्तकांसाठी परवानगी मागायची असेल, तर पहिला पुरावा त्या फाईलमध्ये तयार असेल.